तोंडातलं वाक्य तोडणारी घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे, मित्रांनो. टेबलावर ठेवायची आणि डोक्यावर टिचकी मारून वाजवायची, त्यातली. आधी एका लॉजच्या काउंटरवर होते. मी वाजले की माणसं धावत यायची. मला मान होता. लॉज बंद पडलं आणि मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका सरांच्या टेबलावर आले.

सरांचा नियम एकच. कोणी चुकलं की टिंग! थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायचं. सरांचं नाव झालं, वर्ग भरू लागले. मी मात्र सतरा वर्षं लोकांच्या तोंडातली वाक्यं तोडून तोडून अगदी थकून गेले.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू वर्गाला येत. परदेशात वाढलेल्या त्यांच्या नातवाला मराठी कळत नव्हतं. त्याने फोनवर विचारलं होतं, आजोबा जाताना शेवटचं काय म्हणाले? ते त्याला नीट सांगता यावं, एवढ्यासाठी काकू हातातलं शिवण बाजूला ठेवून येत.

एके दिवशी सरांनी फळ्यावर 'इंटरप्ट' हे क्रियापद लिहिलं. "म्हणजे दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं. रागानेच असं नाही, घाईनेही होतं. करा वाक्य."

काकू उठल्या. "माय हजबंड टेलिंग मी..."

टिंग!

"माय हजबंड वॉज टेल..."

टिंग!

चौथ्या टिंगला काकू मराठीतच बोलल्या, "सर, ते काहीतरी सांगत होते हो. मी म्हटलं, आधी गोळी घ्या, मग बोला. गोळी घेतली आणि डोळा लागला, तो लागलाच. आता नातवाला काय सांगू? मी ऐकलंच नाही."

सरांचा चेहरा उतरला. "काकू, हेच इंग्रजीत सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

काकूंनी सांगितलं. चुका मोजून अकरा झाल्या. दर चुकीला सरांचं बोट माझ्या डोक्यावर यायचं आणि तसंच मागे जायचं. मला रडू येत होतं, पण आम्हा घंट्यांना वाजल्याशिवाय रडता येत नाही.

"कळलं, काकू," सर म्हणाले. "नातवालाही कळेल."

तेव्हापासून मी कपाटात धूळ खात पडले आहे, आणि माझी तक्रार नाही. मला पुसा, चकचकीत करा, असं काही माझं मागणं नाही, मित्रांनो. घरातलं माणूस काही सांगत असेल, तर तेवढं ऐकून घ्या. गोळी पाच मिनिटांनी दिली तरी चालते.