तेविसाव्या रांगेतला हात

"काका, म्हणजे तुम्ही दिवसभर नेमकं करता काय?"

सल्लागाराने हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की मागच्या काकांच्या मनात पाल चुकचुकली. गोड बोलून गळा कापणारी माणसं त्यांनी रंगमंचावर आयुष्यभर पाहिली होती. आणि हा तर नाटकातलाही नव्हता. चार कारखाने सुधारून आलेला. आता नाटक कंपनीला शिस्त लावायला संचालक मंडळाने बोलावलेला. आठवड्याभरात त्याने शिवणखात्यातल्या सुया तेवढ्या मोजायच्या बाकी ठेवल्या होत्या.

"शेवटच्या रांगेत बसतो," काका म्हणाले.

"आणि?"

"ऐकू आलं की हात वर करतो."

सल्लागाराने ते लिहून घेतलं. प्रत्येक गोष्ट लिहून घेणारी माणसं काकांना मुळीच आवडत नसत.

कंपनीच्या नाट्यगृहात माईक नव्हता आणि त्याचा सगळ्यांना फार तोरा होता. काका इथे लागले ते सुतार म्हणून. तीस वर्षांपूर्वी एका तालमीत दिग्दर्शकांनी त्यांना "जरा मागे जाऊन बस, ऐकू येतं का सांग" म्हणून पाठवलं, ते तिथलेच झाले. तेविसावी रांग, मधली खुर्ची. वाक्य तिथवर पोचलं की काकांचा हात वर. नाही पोचलं तर हात मांडीवर, आणि मग कितीही मोठा नट असो, त्याने ते वाक्य पुन्हा म्हणायचं. नवखे चरफडत, पण म्हणत. लोक त्यांना 'मागचे काका' म्हणू लागले ते तेव्हापासून.

सल्लागाराने एक कागद पुढे सरकवला. त्यावर एक रेघ होती, डावीकडून सरळ येऊन मध्येच धाडकन खाली गेलेली.

"प्रेक्षकांच्या अभिप्रायांवरून काढलंय हे. चार वर्षांपूर्वी नेमकं काय बदललं, काका?"

चार वर्षांपूर्वी काकांचा डावा कान गेला होता आणि पाठोपाठ उजवाही मंदावत चालला होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे जगात हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ती खाली गेलेली रेघ त्यांना आपल्याच कानांची वाटली. सल्लागार पुढे तक्रारींबद्दल काहीतरी सांगत होता, त्याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही.

"काही बदललेलं नाही," ते म्हणाले. "होतं तसंच आहे सगळं."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "त्या माणसाला वास लागलाय."

"अहो, मग सांगून टाका ना खरं."

"काय?"

"सांगून टाका!" ती ओरडली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

"आणि घरी बसू? उद्यापासून तू म्हणून दाखवणार आहेस का संवाद माझ्यासमोर?"

"खाई त्याला खवखवे," बायको पुटपुटली आणि उठून तिने टीव्हीचा आवाज पार बंद केला. काका बातम्या बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तालमीला सल्लागार थेट तेविसाव्या रांगेत येऊन काकांच्या डाव्या हाताला बसला. मुद्दाम डाव्या, हे काकांनी लगेच ओळखलं. पहिल्या अंकात अकरा वेळा काकांचा हात मांडीवर राहिला आणि अकरा वेळा शेजारचं पेन हललं. त्यात एक विनोदाचं वाक्य होतं. ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सल्लागार खुदकन हसला. काकांपर्यंत ते तिसऱ्यांदा पोचलं. तोवर हसण्यात काही अर्थ उरला नव्हता, तरी ते हसले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ठरवून टाकलं. नाटक त्यांना तोंडपाठ होतं. ओठ हलले की हात वर. मग बघू काय लिहून घेतोस ते.

तिसऱ्या दिवशीची तालीम लोण्यातून सुरी फिरावी तशी झाली. हात वर, हात वर, हात वर. नेहमीपेक्षा तासभर आधी तालीम संपली, आणि व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर हसू मावेना. सल्लागार मात्र घड्याळाकडे पाहत कपाळाला आठ्या घालून बसला होता.

सगळे पांगल्यावर मोठ्या बाई रंगमंचावरून खाली उतरल्या. कंपनीतल्या सगळ्यात जुन्या नटी, वय साठीला टेकलेलं. तेवीस रांगा चढून त्या काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझं ते पत्राचं वाक्य ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं की."

"मी ते म्हटलंच नाही, काका. नुसते ओठ हलवले."

"बाई, माझे कान..."

"ठाऊक आहे. चार वर्षं ठाऊक आहे. लाइटवाल्याला ठाऊक आहे, शिंपीणबाईंना ठाऊक आहे. तुम्हाला ऐकू जाईल असं बोललं, की दाराबाहेरच्या शिपायालासुद्धा ऐकू जातं, हे आम्ही तेव्हाच ओळखलं. या वयात मी छाती फोडून बोलते ते त्या एका हातासाठी. मी नवखी होते तेव्हा तुम्ही एकच वाक्य मला सात वेळा म्हणायला लावलंत. घरी जाऊन रडले मी. पण हात वर गेला तेव्हा तो खरा होता. आणि आज तुम्ही तो असा खिरापतीसारखा वाटलात?"

त्या आणखी काही बोलल्या, पण आवाज उतरला होता. काकांना फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले. तीस वर्षांत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. ज्याला चोर समजून तीन दिवस ते डोळ्यांत तेल घालून बसले होते, तो बिचारा नुसता प्रश्न विचारत होता. चोरी केली होती ती त्यांनी.

चौथ्या दिवशी सल्लागार पुन्हा डावीकडे बसायला आला.

"इकडून या," काकांनी उजवीकडच्या खुर्चीची बैठक खाली करून दिली. "तो कान साफ गेलाय. आणि तुम्ही विचारलं होतंत ना, चार वर्षांपूर्वी काय बदललं? घ्या लिहून. मला ऐकू येईनासं झालं."

सल्लागाराने तो रेघेचा कागद काढला, त्यावरून बोट खाली नेलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "म्हणून 'ऐकू आलं नाही'च्या तक्रारी थांबल्या?"

"म्हणून थांबल्या."

"पण काका, हे लिहिलं तर मंडळ विचारेल, ऐकू न येणाऱ्या माणसाला ऐकायला का बसवलंय?"

"विचारू दे. तुमचं काम तुम्ही चोख करा."

समोर मोठ्या बाई पुढे आल्या. पत्राचं वाक्य. काकांना ते शब्दाशब्दाने पाठ होतं. बाईंचे ओठ हलले, थांबले. शेजारी पेन उघडं होतं.

हात मांडीवर होता.

बाईंनी पुन्हा म्हटलं. लांबून काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण ते वाक्य नव्हतं. सल्लागाराने एकदा रंगमंचाकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. सुताराचा हात तो, अंगठ्याचं नख जुन्या घावाने काळं पडलेलं. तो हलला नाही.

बाईंनी पदर खोचला, मोठा श्वास घेतला आणि वाक्य तिसऱ्यांदा म्हणायला सुरुवात केली.