पहिल्या घासाचा चेहरा

धाकट्याने लिहिलेला सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. धड भुताचा नाही, धड पोलिसी नाही, मध्येच प्रेमकथा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खाणं नि हसणं. हॉटेलातली एक आचारीण मरते, पण भूत होऊनही स्वयंपाकघर सोडत नाही. आता भुताला चव कुठली कळायला? मग ती पडद्याआडून गिऱ्हाइकाच्या पहिल्या घासाचा चेहरा निरखते आणि मीठ ठरवते. भुवई उडाली की जास्त, जबडा रेंगाळला की कमी. मालकाचा खुनीही बया अशीच चेहरे वाचून पकडते. लोक पोट धरून हसत आणि बाहेर पडले की दिसेल ते खात सुटत.

ही युक्ती धाकट्याची नव्हती, वहिनीची होती. एका तापात तिच्या जिभेची चव गेली, ती परत आलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याचं तोंड निरखताना धाकट्याने तिला पकडलं, म्हणून तेवढं त्याला कळलं.

"यांना सांगू नका, भाऊजी," ती म्हणाली होती. "माझ्या काळजीने बाहेरून डबा लावतील. आणि रांधणं सोडून मला दुसरं येतंय काय?"

त्याने कुणाला सांगितलं नाही. नुसतं लिहिलं. भुताच्या वेषात कोण ओळखतंय, असं वाटलं त्याला. स्वतःलाच फसवायचं म्हटलं की माणूस भलता हुशार होतो.

पहिल्या खेळाला सगळं घर गेलं. दादा सगळ्यांत मोठ्याने हसत होता. पडद्याआडचा प्रसंग आला आणि त्याचं हसणं अर्ध्यावरच थांबलं. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती समोरच बघत राहिली. मागच्या रांगांत टाळ्या पडत होत्या आणि धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं धाकट्याला झालं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बटाट्याची भाजी वाढली आणि नेहमीसारखी दारात उभी राहिली.

"झकास," दादा म्हणाला.

"आई, मस्त झालीय," पुतणी म्हणाली.

धाकट्याने घास घेतला. भाजी साफ अळणी होती. सकाळपासून तो माफीचे शब्द जुळवत होता, एकही धड जमला नव्हता. निदान एवढं तरी करावं म्हणून तो तोंडभर हसला. "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही."

वहिनीने तिघांवरून नजर फिरवली.

"आज मी मीठ घातलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, होतं एखाद्या वेळी," दादा घाईने म्हणाला.

"विसरले नाही. मुद्दामच नाही घातलं." तिचा आवाज चढला नव्हता. ती धाकट्याकडे वळली. "लोक हसले, त्याचं मला काही नाही, भाऊजी. पण आता मी कुणाच्या तोंडाकडे बघून स्वयंपाक करू?"