ओमुरकुलची शेवटची अकरा मिनिटे

सुज्ञ वाचकांच्या सेवेशी सविनय निवेदन करतो की, हेडफोनला बळ देणाऱ्या एका टेबलावरच्या अँप्लिफायरचा आवाज अकस्मात का बसला, कोणत्या उपायाने तो पूर्ववत झाला, आणि त्यानंतर त्यातून काय ऐकू आले, हे येथे क्रमाने सांगितले जाईल.

असंकुलने आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि बोटे नाकाशी नेली. बोटांना मेंढीच्या शिळ्या चरबीचा वास येत होता. समोर दोघे भाऊ बसले होते. हेडफोनमधून त्यांतल्या थोरल्या तुरातचा आवाज रजईखालून यावा तसा येत होता. "बाबा, घर कुणाला?" त्यापुढे म्हाताऱ्याच्या ओठांची नुसती सळसळ.

"काय म्हणतात?" धाकट्या कुबानने विचारले.

"काही कळत नाही. यंत्रच बसलंय. बुधवारी याच्यावर लग्नातली गाणी ऐकली, तेव्हा कान फाटत होते."

"आके, यंत्र बसलंय की तुमचे कान?" वडीलधाऱ्या असंकुलला मानाने आके म्हणणारा कुबान हसला. हसताना त्याच्या खालच्या ओठामागची नासवाय तंबाखूची हिरवी गोळी दिसली. असंकुलने मान फिरवली.

दोघांच्या बापाला, ओमुरकुलला, जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी चाळिसावा. घोडा कापला जाणार होता, काराकोलचे सगळे नातलग जमणार होते आणि त्यांच्यासमोर मृताची अखेरची इच्छा सांगितली जाणार होती. रीतीप्रमाणे बापाचे घर व सफरचंदांची बाग धाकट्याची. परंतु त्या घराच्या भिंती तुरातने स्वतःच्या हातांनी उभारल्या होत्या, आणि बाबा शेवटी आपलेच नाव घेत होते असे त्याचे म्हणणे होते. शेवटच्या दुपारी दोघांनी उशीवर फोन ध्वनिमुद्रणाला लावून बापाला अकरा मिनिटे विचारले. ओठ हलले, शब्द कोणालाही ऐकू आले नाहीत. फोनमधून जे निघेल ते मान्य, अशी शपथ दोघांनी भाकरीवर हात ठेवून घेतली होती. म्हणून ते असंकुलकडे आले होते. तो बावीस वर्षे रेडिओत ध्वनिमुद्रण करीत आला होता.

असंकुल पद्धतीने कामाला लागला. फोनचा आवाज पूर्ण होता. त्याने फोन काढून संगणकावरची लग्नाची गाणी लावली. तीही तशीच मेलेली. म्हणजे दोष फोनचा नव्हता. त्याने वायर बदलली, मग हेडफोन बदलले. फरक पडला नाही. शेवटी त्याने अँप्लिफायर उचलून पाठ वळवली, आणि त्याच्या तोंडातून आपोआप "छी" असा शब्द निघाला. मागच्या खोबणींत काळपट, चिकट थर बसला होता. त्यात एक केस होता आणि एक माशी.

"बुरुल!" त्याने बायकोला हाक मारली. "याला कशानं पुसलंस?"

"फडक्यानं." बुरुल दारात आली. "गुरुवारी आर्चाच्या डहाळ्या जाळून धूर दिला घराला. काजळी बसली, ती पुसली."

"कोणत्या फडक्यानं?"

"कढई पुसते त्या. का, तुझ्या यंत्राला रेशमी रुमाल हवा? मला तर दिला नाहीस कधी."

तुरात प्रथमच हसला. असंकुल हसला नाही. थराखाली एक बारीक कळ होती, आवाजाचे बळ कमी-जास्त करणारी. पुसताना ती खाली सरकली होती आणि चरबीत रुतून बसली होती. त्याने स्पिरिटमध्ये कापूस भिजवला. पहिला बोळा काळा निघाला, दुसरा तपकिरी, तिसऱ्यावर माशीचा पंख आला. मग कळ खट्कन वर गेली.

त्याने पुन्हा फोन जोडला, बटण निम्म्यावर आणले आणि डोळे मिटले.

प्रथम आला तो फुरका. कोणीतरी चहा पीत होते, आणि तो घोट असंकुलच्या कानाच्या आतच घेतला जात होता. मग तळलेल्या पिठाचा बोर्सोक चावल्याचा मचमच आवाज, ओठ चाटल्याचा आवाज. त्या आवाजांच्या मागे, अगदी स्वच्छ, ओमुरकुल बोलत होता.

"पाणी."

"बाबा, घर कुणाला?" तुरातचा आवाज.

"पाणी दे, बाळा."

वाटीत चहा ओतल्याची धार. पुन्हा फुरका. "मोठ्यानं बोला की, बाबा," हा कुबान. "घराचं सांगा."

"एक थेंब."

असंकुलने अकरा मिनिटे पूर्ण ऐकली. त्यांत घर, बाग, तुरात, कुबान यांपैकी एकही शब्द म्हाताऱ्याने उच्चारला नव्हता. मरणाऱ्याच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडणे हे मुलाचे पहिले काम. आणि ते आपण केले असे या दोघांनी दफनाच्या दिवशी शंभर माणसांना सांगितले होते. असंकुलही त्या शंभरांत उभा होता.

त्याने हेडफोन काढून तुरातपुढे धरले. त्याच्याकडे पाहिले नाही.

तुरात ऐकू लागला. काही वेळाने त्याने टेबलाची कड धरली. त्याने शेवटपर्यंत ऐकले नाही.

"बोल ना, बायके," कुबान थोरल्या भावाला म्हणाला. "कुणाचं नाव घेतलं?"

तुरातने हेडफोन मांडीवर ठेवले व वर हाताने झाकले.

"तुझं," तो म्हणाला. "घर तुझं."

"बघा! मी काय सांगत होतो?" कुबान उठून उभाच राहिला. "पण उद्या लोकांना नुसतं सांगून भागायचं नाही. म्हणतील, भावाला धमकावलं. आके, तुमचे मोठे स्पीकर द्या. सगळ्यांसमोर लावू. म्हाताऱ्याच्या तोंडूनच ऐकू देत."

तुरातचा चेहरा राखेसारखा झाला. तो असंकुलच्या कानाशी वाकला.

"आके," तो पुटपुटला, "ते मघाशी होतं तसं परत करता येईल? कळ खाली…"

असंकुलने या माणसाकडे, त्याच्या मिशीवरच्या घामाकडे पाहिले. घर सोडायला हा तयार होता, ती अकरा मिनिटे लोकांना ऐकवायला नव्हता. क्षणभर त्याची कीव आली. पण ती किळसेच्या खाली राहिली, वर आली नाही.

त्याने तुरातच्या हाताखालून हेडफोन ओढून घेतले आणि कुबानच्या हातात दिले.

"स्पीकर नंतर," तो म्हणाला. "आधी तू ऐक."

कुबानने हसतच हेडफोन कानांवर चढवले. असंकुलने सुरू करण्याची खूण दाबली, दार उघडले आणि तो अंगणात गेला. नळाखाली त्याने साबणाने हात धुतले. मग साबण पुन्हा लावला.

येथे हे निवेदन पूर्ण होते. आपला अमूल्य वेळ देऊन ज्या वाचकांनी हे शेवटपर्यंत वाचले, त्यांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

सातीबाल्दी जोरोयेव, काराकोल