नऊ ग्रॅम जास्त

ड्रोन काट्यावर ठेवला आणि सूनबाईंचा पारा चढला. दीड किलोच्या वर नऊ ग्रॅम! चाचणी दहा दिवसांवर आलेली, आणि लष्कराच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, की डब्यासकट वजन दीड किलोच्या वर जाता कामा नये.

घराच्या मागच्या शेडमध्ये ती आणि तिचे सासरे, अशी दोघंच मिळून लष्करासाठी स्वस्तातला ड्रोन बनवत होती. अंग प्लायवूडचं, मोटरी बाजारात कुठेही मिळणाऱ्या. एखादा पडला तर कुणी डोक्याला हात लावून बसू नये इतका स्वस्त. खरी करामत त्याच्या पोटाखाली होती. तिथे एक खाच. तिच्यात हवा तो डबा सरकवायचा, खिट्टी लावायची आणि उडवायचं. एक डबा कॅमेऱ्याचा, एक संदेश पुढे पोचवणाऱ्या रेडिओचा, एक औषधांचा, आणि चौथा लाल, ज्यात पुढे लष्कर स्फोटकं भरणार होतं. शेडमध्ये त्यात वाळू होती. त्या डब्याबद्दल अण्णा एकदाच बोलले होते. "करतो मी, नाही म्हणत नाही. पण कानस मारताना मनाला बरं वाटत नाही." "मलाही नाही," ती म्हणाली होती, आणि दोघंही औषधांच्या डब्याकडे वळली होती.

अण्णा म्हणजे सासरे. चाळीस वर्षं लेथवर काढलेला टर्नर. कारखान्यात त्यांना सगळे 'केसभर' म्हणत, कारण केसभर फरकही त्यांना खपत नसे. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झालेली, नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर. त्यामुळे घरात ही दोघंच. चहाला तीच आणि भांडायलाही तीच.

तिने ड्रोन उलटा केला आणि चोर सापडला. तिच्या चित्रात खाचेचं तोंड सरळ होतं. इथे ते नरसाळ्यासारखं पसरट झालं होतं.

"अण्णा, हे कुणी केलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"बरं दिसतं तसं."

"बरं दिसतं? लग्नात मिरवायचाय का तो? केसभर म्हणवून घेता आणि नऊ ग्रॅम वाढवून ठेवता! वयानुसार जमत नसेल तर सरळ सांगा, मी दुसरा माणूस बघते."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. एरवी अण्णांनी तासभर हुज्जत घातली असती. त्या दिवशी त्यांनी उजवा हात खिशात घातला आणि ते घरात निघून गेले. तिनेही मग हट्टाने सरळ तोंडाची खाच करून त्यांच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बोलवायला म्हणून ती शेडकडे आली आणि खिडकीशीच थबकली. अण्णा सरळ तोंडाच्या खाचेत डबा घालू पाहत होते. उजवा हात थरथरत होता. डब्याचं टोक एकदा डावीकडे आपटे, एकदा उजवीकडे. सात वेळा त्यांनी प्रयत्न केला, सातही वेळा हुकला. मग त्यांनी आपली पसरट तोंडाची खाच पुढे ओढली. हात तसाच थरथरत होता, पण डब्याचं नाक त्या तोंडात कुठेतरी टेकलं आणि आपोआप आत घसरलं. खट्. अण्णांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

पित्त होतं म्हणून सांगून अर्धाच कप चहा मागणं, बँकेचे कागद 'तूच कर गं सही' म्हणून पुढे सरकवणं, गुंड्यांचे शर्ट अचानक नावडते होणं. एका छपराखाली राहून तिला यातलं काही दिसलं नव्हतं. ग्रॅम मोजत बसलेली बाई ती! तिला स्वतःची लाज वाटली.

"किती दिवस झाले?" तिने आत जाऊन विचारलं.

"कशाला?"

"अण्णा."

त्यांनी हात खिशाकडे नेला आणि मग नेता नेता सोडून दिला. "सव्वा वर्ष होईल."

"आणि डॉक्टर?"

"जाऊ की. पण पोराला कळता कामा नये. तो नोकरी सोडून धावत येईल. कुणालाच सांगायचं नाही, शब्द दे मला."

तिने शब्द दिला. मग म्हणाली, "काल मी जे बोलले ते..."

"खरंच बोललीस."

"खरं नव्हतं. मूर्खासारखं होतं." आणि तिला रडूच फुटलं.

"रडू नकोस, बाई. काट्यावर पाणी सांडलं तर आणखी दोन ग्रॅम वाढतील."

ती रडता रडता हसली, आणि हसता हसता तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिने दोन्ही खाचा त्यांच्यापुढे ठेवल्या. दोन्हींत शंभर शंभर वेळा डबा घालायचा, असं फर्मान निघालं. "सुनेच्या हाताखाली म्हातारपणी वेठबिगार!" म्हणत अण्णा कुरकुरले, पण चार दिवस नेमाने बसले. सरळ तोंडात शंभरातून अठ्ठावन्न वेळा डबा हुकला. पसरट तोंडात दोनदा. तिने ते आकडे कागदावर मांडले आणि पसरट तोंड तसंच ठेवलं. नऊ ग्रॅम दुसरीकडून काढायला तिने जंग जंग पछाडलं, पण एक ग्रॅम हलला तर शपथ.

चाचणीच्या मैदानावर मेजरबाई टेबलाशी उभ्या होत्या. गारठलेल्या हातांनी डबे बदलता येतात का हे बघायला एका जवानाने दोन्ही हात बर्फाच्या बादलीत दोन मिनिटं बुडवले, जाड हातमोजे चढवले आणि चारही डबे एकामागून एक बदलले. एकतीस सेकंद. नियमात साठ होते. सूनबाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ड्रोन काट्यावर गेला.

"नऊ ग्रॅम जास्त," मेजरबाई म्हणाल्या. "हे तोंड सरळ केलंत तर बसेल वजनात."

"सरळ तोंडात डबा हुकतो, मॅडम. आकडे दिलेत मी."

"पाहिले. शंभरात अठ्ठावन्न?" त्यांनी कागद उलटा केला. "माझे जवान इतके अनाडी नाहीत. ही चाचणी केली कुणाच्या हाताने?"

सूनबाईंनी टेबलावरचा डबा उगाच सरळ केला. शब्द दिलेला होता. मेजरबाईंनी पुन्हा विचारलं. "नाव लिहिलेलं नाही म्हणून विचारते. हात कुणाचा हे ठाऊक नसेल तर हे आकडे मी धरू शकत नाही."

सहा महिन्यांची मेहनत टेबलावर पडली होती. ती खाली बघत राहिली. नाही तर नाही, तिने मनाशी म्हटलं. ड्रोन दुसरा करता येईल.

"माझ्या हाताने," मागून आवाज आला.

अण्णा पुढे आले. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांच्या देखत टेबलावर धरला. तो थरथरत होता. त्यांनी त्याच हाताने चारही डबे एकेक करून बदलले. लाल डब्याशी क्षणभर थांबले, तोही बसवला. दोन मिनिटांच्या वर वेळ लागला, पण एकही हुकला नाही.

"थंडीने हलणारा हात थोड्या वेळाने थांबतो, मॅडम," ते म्हणाले. "भीतीने हलणारा थांबत नाही. शेजारी कुणी जखमी पडलेला असताना औषधाचा डबा लावायचा, तर धडधाकट पोराचाही हात माझ्यासारखाच होणार. म्हणून तोंड मोठं ठेवलं."

हात पुसत उभा असलेला जवान हळूच म्हणाला, "खरं आहे, मॅडम."

मेजरबाईंनी कागद खाली ठेवला. "वजनाचा आकडा माझ्या हातात नाही. पंधरा दिवसांनी परत या. नऊ ग्रॅम कुठूनही काढा. या तोंडाला मात्र हात लावू नका."

परतताना दोघं टेम्पोत मागे बसली. सूनबाईंना त्यांना मिठी मारावीशी वाटत होती, पण मध्ये ड्रोनची पेटी होती. मग अण्णा म्हणाले, "जहाज आज बंदराला लागणार होतं ना?"

"हो."

"लाव फोन त्याला. मीच सांगतो. मैदानभर लोकांनी पाहिलं, मग त्याने काय घोडं मारलंय?"

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली तसा तिने गेल्या आठवड्यात लागलेल्या सवयीने तो अण्णांच्या कानाला लावायला हात पुढे केला.

"दे इकडे," ते म्हणाले. "धरता येतो मला."

त्यांनी फोन घेतला. तो त्यांच्या कानाशी हलत होता, गालावर टकटक आपटत होता. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "बोला अण्णा, कसे आहात?"

"बरा नाही रे, बाळा," अण्णा म्हणाले. "बस जरा, सांगतो."