माझ्या पोटातला मऊ भात

मी एक जुना पितळी डबा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, सहा वर्षे माझ्यावर एका माणसाचा जीव घेतल्याचा आळ होता. तो आता उतरला आहे, म्हणून एवढ्या मोकळेपणाने बोलतो आहे.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या पेठेतल्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. मार खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, असे तो म्हणायचा. मार त्याला बसत नव्हता, म्हणून त्याला असे सुचायचे! माझे झाकण फिरकीचे आहे. कितीही हिसके बसोत, थेंब सांडत नाही. झाकणावर कोरले आहे, 'चि. सौ. कां. अनसूया हिस मामांकडून'.

लग्नानंतर अनसूयेबरोबर मी शहरातल्याच हजीरा भागात तिच्या सासरी आलो. तिचा नवरा सूर्याजी संस्थानच्या फौजेत हवालदार होता. रोज मी त्याच्याबरोबर पलटणीत जायचो. "हवालदारसाहेब, डब्बा है कि तिजोरी?" असे त्याचे सोबती म्हणायचे, आणि मी फुगायचो. घरात सासूबाई होत्या, विजयाबाई. जिभेने तिखट, पण सुनेच्या हातच्या मऊ भातावर त्यांचा भारी जीव.

पुढे संस्थान विलीन झाले. फौजेतली माणसे भारतीय सेनेत घ्यायची ठरली आणि प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी झाली. सूर्याजीला हर्निया निघाला. आधी ऑपरेशन, मग नोकरी, असे त्याला सांगितले. सन पन्नासच्या हिवाळ्यात तो शहरातल्या एका इस्पितळात दाखल झाला. त्या इस्पितळाचे नाव कशाला घेऊ?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सात वाजता अनसूया मला घेऊन फाटकावर गेली. शुद्धीवर आल्यावर खाईल म्हणून तिने मऊ भात भरला होता. शिपायाने अडवले.

"बाई, आज खाना अंदर नहीं जाएगा। ऑपरेशन है। डब्बा यहीं जमा कर दो।"

त्याने पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि रुग्णाचे नाव लिहिले, सही केली आणि ती चिठ्ठी तारेने माझ्या कडीला बांधली.

दुपारपर्यंत सूर्याजी गेला. गुंगीचे औषध दिल्यावर त्याला उलटी झाली आणि ती श्वासात अडकली. पोट भरलेले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, 'बायकोने घरचे अन्न चोरून खाऊ घातले.'

मला कुणीतरी सामानाच्या कोठडीत ढकलले आणि माझ्यावर जुन्या रजयांचा ढीग पडला. माझे पोट भरलेले, मला तोंडही आहे, पण बोलता येत नव्हते. फार घुसमट झाली.

बाहेर अनसूया सांगून थकली, "डबा तर फाटकावरच होता." कुठे आहे डबा? कोणी शोधलाच नाही. शिपाई नोकरी सोडून गावी गेला होता. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला हलायची, फाटकाची वही कचेरीबरोबर तिकडे गेली म्हणे, आणि इंदूरहून उत्तर आले की ती ग्वाल्हेरलाच आहे.  विजयाबाईंनी सुनेच्या हातचे खाणे सोडले. वेगळी चूल मांडली आणि स्वतःची भाकरी थापू लागल्या.

अनसूयेने इस्पितळावर भरपाईचा दावा लावला आणि सरकारने चौकशी नेमली. दर महिन्याला ती चौकशीच्या कचेरीत जायची. तिथले कारकून पांडुरंगराव म्हणायचे, "बाई, फाइल आगे गेली आहे, थोडा सबर करा."

"भरपाईचं राहू द्या, रावसाहेब," ती म्हणायची. "आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या हातचा एक घास खावा, एवढंच लिहून द्या."

छप्पन साली मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. जुन्या सामानाच्या लिलावासाठी इस्पितळाची कोठडी रिकामी करायचे काम पांडुरंगरावांकडे आले. रजया उचलल्या आणि माझ्यावर उजेड पडला. त्यांनी धोतराच्या सोग्याने झाकण पुसले, नाव वाचले, मग चिठ्ठी वाचली. मला छातीशी धरून ते थेट चौकशीच्या साहेबांकडे गेले.

सगळ्यांसमोर झाकण फिरवले. भात काठापर्यंत तसाच होता, वाळून काळा दगड झालेला. एक घासही कमी नव्हता.

साहेब म्हणाले, "बाईने नहीं दिया, तो किसने दिया?"

मग कुठे वॉर्डाची वही उघडली. त्या सकाळी वॉर्डातूनच सूर्याजीला दूध आणि दलिया दिल्याची नोंद होती. काही खाल्ले आहे का, हे न विचारताच डॉक्टरांनी गुंगी दिली होती. ठपका डॉक्टरांवर आला, दावा मंजूर झाला, आणि अनसूयेचे नाव त्या कागदावरून निघाले.

घरी तिने मला चिंचेने घासले, कल्हई करून आणली आणि मऊ भात भरून सासूबाईंपुढे ठेवला. विजयाबाई बराच वेळ माझ्यावरचे नाव चाचपत राहिल्या. मग एक घास घेतला.

"मीठ कमी आहे, सूनबाई," त्या म्हणाल्या, आणि आणखी वाढून घेतला. अनसूया हसली आणि रडलीही. मलाही सहा वर्षांनी हलके वाटले.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करत जा. आणि कुणावर आळ घेण्याआधी झाकण उघडून पाहत जा. फक्त एकदा फिरवायचे असते. तेवढ्यासाठी एक म्हातारी सहा वर्षे वेगळ्या चुलीवर जेवली.