सरळ कडांचा संशय

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे, विणकामाची. चार लाकडी पट्ट्या, वर आणि खाली खिळ्यांच्या रांगा आणि त्यांवर ताणलेले उभे धागे, एवढाच माझा संसार. त्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा खालीवर नेत पट्टी विणायची असते. मला हातात घ्याल तेव्हा जरा बेताने घ्या, कारण मी स्वभावाने संशयी आहे. कोणीही जवळ आले की हा विणायला आला की माझे धागे तोडायला, हेच आधी माझ्या मनात येते.

हा स्वभाव मला माझ्या पहिल्या मालकाने दिला. तो गालिचे विणायचा आणि मोठ्या मागावर काम चढवण्याआधी रंगांचा नमुना माझ्यावर करून बघायचा. एखादी ओळ वाकडी गेली की "कोणी केलं हे?" असे तो मोठ्याने विचारायचा. खोलीत तो एकटाच असायचा! मग स्वतःवरच चिडून ती ओळ उसवायचा. त्याच्या हाताखाली दिवस काढल्यामुळे वाकडे काही दिसले की माझे लाकूड आजही आतून करकरते. येणारेजाणारे माझ्यावरचा नमुना पाहून वाहवा करायचे, तेव्हासुद्धा मला वाटायचे की आता हे काहीतरी खुसपट काढणार.

मालक थकला, माग विकले गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली, आणि तीही काही धड नव्हती. बऱ्याच वर्षांनी मालकाच्या सुनेने मला खाली काढले, पुसले आणि एका शाळेला देऊन टाकले.

शाळा कसली! पहिल्याच दिवशी मला तिथे काहीतरी काळेबेरे वाटले. मुले सकाळी गाणी म्हणत, ओल्या कागदावर रंग सोडत, मेणाच्या गोळ्यांचे प्राणी करत. पुस्तकाचा पत्ता नाही. अक्षरांचीसुद्धा घाई नव्हती. शिकवणाऱ्या ताई आधी ती मुलांकडून जमिनीवर चालून गिरवून घेत, मग रंगवून घेत, आणि लिहिणे-वाचणे त्यानंतर. मुलाच्या वयाला जे पेलेल ते आधी, असा तिथला कारभार. एक नियम तर अजबच होता. मुलाच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही. चूक त्याची त्याला दिसेपर्यंत थांबायचे. मी मनात म्हटले, ही बाई एकतर आळशी आहे, नाहीतर हिलाच विणता येत नाही.

त्या वर्षी मी एका मुलीच्या वाट्याला आले. सात वर्षांची, सगळे सावकाश करणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. ती धागा फार ओढून घ्यायची, त्यामुळे तिची पट्टी मध्येच अरुंद होत गेली. माझा मालक याला 'कंबर आली' म्हणायचा. ताई येऊन बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मुंगीचे बाबा माझ्याहून संशयी निघाले. ते दुकानांतले वजनकाटे तपासणारे सरकारी निरीक्षक होते. "सात वर्षांची झाली आणि हिला दुकानाची पाटी वाचता येत नाही," ते म्हणाले. "ती चौकट सुट्टीत घरी आण. शाळेत काय चालतं ते मला बघू दे. नाहीतर सुट्टी संपली की शाळा बदलायची." मुंगीचा त्या शाळेवर फार जीव होता. मला घरी नेताना तिने मला पोटाशी घट्ट धरून ठेवले होते.

घरी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिले; बाबांना मला बघायला अजून सवड झाली नव्हती. तिथे मुंगीची आजी भाजी निवडत बसायची. एका दुपारी मुंगी खाली खेळायला गेली होती. आजीने हात पुसले, दाराकडे पाहिले आणि मला पुढे ओढून भराभर पट्टी उसवायला घेतली. आता ही धागे पळवणार, असे मला वाटले. पण तिने ते सगळे पुन्हा विणले, अगदी सरळ. किती वर्षांनी माझ्या अंगावर सरळ कड आली होती! मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

मुंगी वर आली. तिने पट्टी पाहिली, मला भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि पुन्हा हात लावला नाही.

संध्याकाळी बाबांनी मला उलटे फिरवले. खिशातून मोजपट्टी काढून त्यांनी पट्टीची रुंदी वर मोजली, मध्ये मोजली, खाली मोजली; तिन्हीकडे सारखीच भरली.

"हे हिनं विणलेलं नाही," ते म्हणाले. "शाळेनं विणून पाठवलंय. आपल्याला दाखवायला चांगला माल!"

त्यांनी तिथल्या तिथे ताईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई घरी आल्या. त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन नीट पाहिले.

"हे मी विणलेलं नाही. आणि मुंगीनंही नाही."

"मग काय आपोआप झालं?"

आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मी केलं," ती म्हणाली. "वाकडं दिसलं की तू पोरीला तिथून काढणार. म्हणून सरळ करून ठेवलं."

बाबा काही बोलायच्या आत मुंगी पुढे आली. तिने मला ओढून घेतले आणि आजीची ओळ न् ओळ उसवली.

"अगं, चांगलं झालं होतं ना!" बाबा ओरडले.

"ते आजीचं होतं," मुंगी म्हणाली. "आजी, तुला विणायचं असेल तर तू वेगळं लाव ना."

मग ती विणू लागली. थोड्या वेळाने कंबर पुन्हा आली. बाबांनी तोंड उघडले, तशी ताईंनी हळूच त्यांची बाही धरली. मुंगी थांबली. तिने कडेवरून बोट फिरवले, मान तिरकी करून पाहिले आणि कोणी न सांगता शेवटच्या ओळी उसवल्या. या वेळी तिने धागा ओढला नाही. तो कमानीसारखा सैल टाकला आणि मग फणीने खाली बसवला. कड जागच्या जागी राहिली. तिने पुढची ओळही तशीच टाकली.

"तुम्हाला आधीपासून दिसत होतं ना?" बाबांनी ताईंना विचारले. "मग सांगितलं का नाहीत?"

"रोज जीभ चावत होते हो," ताई म्हणाल्या. "फार जड जातं ते."

बाबा मुलीच्या बोटांकडे बघत होते. "इतकी वर्षं काटे तपासतोय," ते म्हणाले. "माझा काटा चुकतोय हो, असं स्वतःहून सांगायला आलेला एकही दुकानदार मला भेटला नाही." त्यांनी मोजपट्टी खिशात घातली. "राहू दे हिला त्याच शाळेत. वाचेल सावकाश."

मुंगीला रडू फुटले. रडता रडता तिने पुढची ओळ टाकली, तीसुद्धा सैल.

मित्रांनो, आता मी पुन्हा शाळेत आहे. मला ओलीत ठेवू नका, माझे खिळे उपटू नका, काम झाले की मला पुसून ठेवा. माझा संशय अजून सुटलेला नाही, पण हल्ली तो मदतीला धावून येणाऱ्या मोठ्या हातांवर जास्त असतो. तेव्हा मोठ्यांनो, मुलाने हाक मारल्याशिवाय माझ्याजवळ येऊ नका.