दोन्ही टोकं रुजलेली फांदी

"बाबा, इथली कमान कुठं गेली?"

लिया आपल्या केझीला कडेवर घेऊन कुंपणापाशी उभी होती. तिचा बाप ईनक टकी बांधावर बसून कोयत्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली.

"कसली कमान?"

"ब्लॅकबेरीची हो! इथंच असायची ना दर साली? लहानपणी मला डांग्या खोकला झाला, तेव्हा तुम्हीच मला तिच्याखालून..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच केझीला उबळ आली. दोन वर्षांचं पोर ते. खोकून खोकून काळंनिळं पडलं, शेवटी श्वास ओढताना कोंबड्यासारखं आरवलं, आणि आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प झालं.

ईनकनं कुंपणाकडे पाहिलं. झुडपांचं ते कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत वेणी घातल्यासारखं नीट होतं. मागच्याच आठवड्यात त्यानं ते साफ केलं होतं.

आमच्या डेव्हनमध्ये, इंग्लंडच्या या कोपऱ्यात, कुंपणं राखणारे पुष्कळ, पण ईनकची सर कुणाला नव्हती. ब्लॅकबेरीची काटेरी फांदी लांब वाढते, वाकते, आणि टोक जमिनीला टेकलं की तिथं मुळं धरते. दुर्लक्ष केलं तर चार वर्षांत शेत गिळते. म्हणून ईनक चालता चालता प्रत्येक टोक हातानं ओढून बघायचा. सुटून आलं तर ठीक, नाही आलं तर कोयता. हाताला इतकी सवय, की चर्चला जातानासुद्धा वाटेतली दोन टोकं उपटूनच तो आत जायचा. बायको जिवंत असताना म्हणायची, "देवासमोर तरी हात धुऊन उभा राहा."

आणि डांग्या खोकल्याला आमच्याकडे एकच इलाज. दोन्ही टोकं रुजलेली फांदी शोधायची आणि तिच्या कमानीखालून लेकराला तीनदा काढायचं, उगवतीकडून मावळतीकडे. तेही सप्टेंबरअखेरच्या मायकेलच्या सणाआधी. सणानंतर सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो, मग ना फळ तोंडात घालायचं, ना फांदीला गुण. सण चार दिवसांवर आला होता.

"एकसुद्धा ठेवली नाहीत?" लियानं विचारलं.

"मालकाला आवडत नाही," ईनक म्हणाला. खरं म्हणजे त्यालाच आवडत नव्हतं.

लियानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचा नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून बापाला उलट बोलणं तिनं सोडून दिलं होतं. तिनं भांडण केलं असतं तर ईनकला बरं वाटलं असतं.

टेकडीपलीकडे विजरबाईंचं शेत होतं. म्हातारा विजर गेल्यापासून तिथल्या कुंपणाला कुणी हात लावला नव्हता. "विजरच्या कुंपणात गाय शिरली की नाताळला बाहेर येते," हा विनोद गावभर ईनकनंच पसरवला होता. आज तोच लियाला सोबत घेऊन, टोपी काढून विजरबाईंच्या दारात उभा राहिला.

"या या, ईनकराव!" विजरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "गाय शोधायला आलास होय?"

मग त्यांचं लक्ष लियाच्या खांद्यावरच्या पोरीकडे गेलं आणि आवाज एकदम खाली आला.

"अगं बाई! कधीपासून?"

"तीन आठवडे झाले," लिया म्हणाली.

"जा, ओढ्याच्या अंगाला आहे एक कमान. पण ईनक, नीट बघून घे रे बाबा. दोन्ही टोकं रुजलेली हवीत. नुसती टेकलेली असली तर काही उपयोग नाही."

ओढ्याकाठी गावच्या बायका डबे घेऊन फळं तोडत होत्या. हात कोपरापर्यंत जांभळे, तोंडं त्याहून जांभळी. लियाला बघून त्यांनी वाट दिली, आणि आपापली पोरं लांब ओढून घेतली. लिया पोरीचं तोंड पुसायला पाण्याशी वाकली. ईनक पुढं गेला.

कमान सापडली. चांगली उंच, खालून वासरू जाईल एवढी. त्यानं खाली वाकून टोक धरलं आणि नीट बघायचं म्हणून, आयुष्यभर बघत आला तसं, ओढलं.

टोक हातात आलं. खाली पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती. रुजलं होतं. नुकतंच, पण रुजलं होतं.

आजूबाजूच्या साऱ्या फांद्या त्यानं पाहिल्या. कुठलीच रुजलेली नव्हती. मग गुडघ्यांवर बसून त्यानं ती मुळं परत मातीत घातली, वर माती दाबली, दगड ठेवला.

"बाबा, आहे का रुजलेली?" लिया मागून आली.

"आहे."

"घट्ट?"

"हलत नाही," ईनक म्हणाला.

मग केझीला कमानीखालून काढलं. एका बाजूला आजा, दुसऱ्या बाजूला आई. दुसऱ्या खेपेला फ्रॉक काट्याला अडकला, तेव्हा लिया कित्येक दिवसांनी हसली. "सोड गं बाई, तिला घरी जायचंय!" ती फांदीला म्हणाली. केझीला तो खेळच वाटला. तीन खेपा झाल्यावर ती चौथ्यांदा जायला हात पसरू लागली.

"बघा, एकदाही खोकली नाही!" वाटेनं लिया म्हणत राहिली.

दोन दिवस पोर खरंच बरी होती. लियानं ब्लॅकबेरीचं सरबत आटवून तिला पाजलं, शेजारणींना कमानीचा पत्ता सांगितला. ईनकलाही वाटू लागलं, मुळं परत लावली ती चालली असतील. फांदीला काय कळतंय? तो हळूच जाऊन बघून आला. टोकाजवळची पानं माना टाकून होती. त्यानं टोपीतून ओढ्याचं पाणी आणून घातलं.

मग सण उलटला, आणि उबळ परत आली. आता पोर दूधही पोटात ठेवीना. डॉक्टर येऊन गेला. "हवा बदला," म्हणाला. आमच्यासारख्यांनी हवा बदलायची ती कुठं? ईनक कामावरून सुटला की दिसेल ते कुंपण धुंडाळायचा. पण विजरबाईंचं सोडलं तर या परिसरातली बहुतेक कुंपणं कित्येक वर्षं त्याच्याच हाताखाली होती. गिरणीमागं एक कमान सापडली एकदाची, पण तिच्यावरची फळं थुंकी पडल्यासारखी बुरशीनं पांढरी झाली होती. तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि घरी आला.

ऑक्टोबरच्या मध्यावर केझी गेली.

ते टोक हातात आलं होतं, हे ईनकनं मला फार पुढं सांगितलं, लिया दुसरं लग्न करून शहरात गेल्यावर. तोवर कुणालाही नाही.

पोरीला मातीआड करून आले, त्या दुपारी विजरबाईंनी पाव आणि डुकराच्या मांसाचं कालवण आणून दिलं होतं. लियानं दोन दिवस अन्नाला शिवलं नव्हतं. ती टेबलाशी बसून होती.

"बाबा."

"काय पोरी?"

"आपल्याकडून काही राहिलं का हो? मी सारखी तेच आठवतेय. कमानीखालून काढली. तीनदा काढली ना? उगवतीकडूनच?"

"उगवतीकडूनच."

"आणि फांदी रुजलेली होती. तुम्ही बघितली होती."

"बघितली होती."

"मग आपण सगळं केलं," लिया म्हणाली. "ते राहिलं असतं ना, तर मी जन्मभर स्वतःला खात बसले असते. तुम्ही होतात म्हणून झालं, बाबा."

ईनकनं सुरी उचलून पावाला लावली.

"काही राहिलं नाही," तो म्हणाला.

लियानं डोळे पुसले आणि ताटली पुढं ओढली. ती जेवू लागली. ईनक पाव कापत राहिला, आणि ती खात होती तोवर एकेक तुकडा तिच्या ताटलीत ठेवत राहिला.